ड्रायव्हर टाकल्यापासून कॉम्प्युटर सुरूच होईना, फॉरमॅटशिवाय मार्ग आहे का?

निपाणी_डीटीपी

डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर आहे. विंडोज ११, आय३, ८ जीबी रॅम. विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर, कामाच्या फाइली १ टीबीच्या वेगळ्या हार्डडिस्कवर. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा प्लग) विंडोज ७ च्या मशीनवर चालायचा. तो इकडं लावला, सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला आणि रीस्टार्ट मागितला तो दिला. तेव्हापासून लोगो येतो, खाली ठिपके फिरतात, निळी स्क्रीन क्षणभर चमकते आणि परत पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं आणि दुरुस्ती जमली नाही म्हणतं. डोंगल काढून ठेवला तरी तेच.

बाजारात दाखवलं तर फॉरमॅट करू म्हणतात. गणपती तोंडावर आलेत, मंडळांच्या पावती पुस्तकांची आणि अहवालांची कामं अर्धी आहेत. कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी या डोंगलवाल्या सॉफ्टवेअरमध्ये, जुळणी कोरलमध्ये (कोरलड्रॉ). फॉरमॅट न करता मार्ग असला तर सांगा की.

टिळकवाडी_हार्डवेअर

फॉरमॅटची घाई अजिबात नको. लोगो येतोय, ठिपके फिरतायत, म्हणजे बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम), रॅम आणि एसएसडी सकृद्दर्शनी ठीक आहेत. विंडोज चढताना एका फाइलीवर अडखळतंय, ती फाइल शोधायची आहे.

आधी निळी स्क्रीन थांबवा, म्हणजे वाचता येईल. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या पडद्यावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आणि रीस्टार्ट. आकड्यांची यादी येईल, त्यात ९ दाबा. क्रॅश झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं त्यानं बंद पडतं. खाली ‘स्टॉप कोड’ आणि ‘व्हॉट फेल्ड’ अशा दोन ओळी असतात, त्यांचा मोबाइलवर फोटो काढा. ‘व्हॉट फेल्ड’ दर वेळी येतेच असं नाही, पण आली तर अर्धं काम झालं.

मग तीच यादी परत आणून ४ दाबा, तो सेफ मोड. तिथं विंडोज उघडलं तर डिव्हाइस मॅनेजर किंवा ॲप्सच्या यादीतून डोंगलचा ड्रायव्हर काढा, संपलं. एफ८ दाबत बसू नका, विंडोज ८ पासून ती सोय मुळातच बंद ठेवलेली असते.

सिस्टिम रिस्टोअरही ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच आहे, आदल्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या तेव्हाच्या स्थितीची नोंद) असला तर तो सगळ्यात सोपा रस्ता. मात्र बऱ्याच मशीनवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं आणि यादी रिकामी येते.

यातलं काही करताना बिटलॉकरची (डिस्कच्या कुलूपबंदीची) ४८ आकडी की मागितली तर घाबरू नका. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं जे खातं वापरलंय ते मोबाइलवर उघडा, बहुधा की तिथं साठवलेली असते.

निपाणी_डीटीपी

९ दाबून बघितलं अण्णा. कोड ‘सिस्टिम थ्रेड एक्सेप्शन नॉट हँडल्ड’. व्हॉट फेल्डपुढं डोंगलच्याच ड्रायव्हरची डॉट एसवायएस फाइल आहे, सीडीवरही त्याच नावाची आहे. सेफ मोडलाही तीच स्क्रीन. रिस्टोअर पॉइंट एकही नाही. बिटलॉकरनं काही मागितलं नाही. डोंगल लावलेलाच नसताना त्याचा ड्रायव्हर कसा आडवा येतो?

खानापूर_नेटवर्क

ड्रायव्हर डोंगलची वाट बघत नाही म्हणून. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) प्रत्येक ड्रायव्हरची ‘स्टार्ट’ नावाची नोंद असते. ० म्हणजे विंडोजच्या लोडरनंच सगळ्यात आधी चढवायचा, १ म्हणजे कर्नल (विंडोजचा गाभा) उठताना, २ म्हणजे नंतर आपोआप, ३ म्हणजे गरज पडली तर, ४ म्हणजे बंद. जुन्या कॉपी-लॉकचे (अशा डोंगलांचे) ड्रायव्हर ० किंवा १ वर बसलेले सापडतात. ० वर असलेला ड्रायव्हर सेफ मोडमध्येही चढतो, कारण लोडर धरून चालतो की याच्याशिवाय मशीन उठणारच नाही. तुमचा सेफ मोड पडतोय याचं कारण बहुतेक हेच.

म्हणून विंडोज बंद असतानाच, बाहेरून, ती नोंद ४ करायची. वेळ वीस मिनिटं आणि एक पेन ड्राइव्ह. मी खाली मराठीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं.

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. ड्राइव्हची अक्षरं इथं बदललेली असू शकतात. ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर, मग फाइल, ओपन, धिस पीसी. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. ज्या ड्राइव्हवर विंडोज आणि युजर्स हे दोन्ही फोल्डर दिसतात तो तुमचा खरा सी, अक्षर काहीही असो. एक्स नावाचा दिसेल तो दुरुस्तीचा तात्पुरता ड्राइव्ह, त्याला हात लावू नका.

त्याच खिडकीत खऱ्या ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग असं आत जा. तिथं ‘सिस्टिम’ नावाची फाइल आहे, पुढं कसलंही एक्स्टेन्शन नाही. राइट क्लिक, कॉपी, आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट. पुढं काही बिघडलं तर हीच फाइल परत जागेवर ठेवायची. ही पायरी गाळू नका.

आता नोटपॅड बंद करून ‘रेजएडिट’ (रजिस्ट्री उघडणारा प्रोग्रॅम) टाइप करून एंटर. डावीकडं एचकी लोकल मशीनवर एकदा क्लिक करा, नाहीतर मेनूतला ‘लोड हाइव्ह’ (बाहेरची रजिस्ट्रीची फाइल उघडणं) फिका राहतो. फाइल, लोड हाइव्ह, आणि कॉन्फिगमधली तीच ‘सिस्टिम’ फाइल. नाव मागेल, ‘जुना’ द्या. इथं हमखास चूक होते: आधीपासून दिसणारी ‘सिस्टिम’ ही दुरुस्तीच्या विंडोजची स्वतःची रजिस्ट्री आहे. तिच्यात कितीही बदल केले तरी रीस्टार्टनंतर पुसले जातात आणि माणूस म्हणतो, उपाय चालत नाही. काम फक्त ‘जुना’च्या आत करायचं.

‘जुना’ उघडून ‘सिलेक्ट’ बघा. ‘करंट’ची किंमत १ असेल तर कंट्रोलसेट००१ मध्ये काम करायचं, २ असेल तर ००२ मध्ये. त्याच्या आत सर्व्हिसेस. बहुधा फाइलीचंच नाव, शेवटचं डॉट एसवायएस सोडून, तिथं असतं. नसेल तर सर्व्हिसेसवर उभं राहून कंट्रोल-एफनं फाइलीचं नाव शोधा, ते ‘इमेजपाथ’मध्ये सापडेल. ‘स्टार्ट’वर डबल क्लिक, आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा, आणि ४ करा. ड्रायव्हरच्या नावाचा तो फोल्डर (रजिस्ट्रीत त्याला ‘की’ म्हणतात) डिलीट करू नका. आणि मशीन एवढ्यात रीस्टार्टही करू नका, आणखी एक जागा तपासायची आहे.

टिळकवाडी_हार्डवेअर

ती जागा मी सांगतो, कारण गोष्ट इथंच चिघळते. काही डोंगल ड्रायव्हर यूएसबी किंवा कीबोर्डच्या साखळीत ‘फिल्टर’ म्हणून स्वतःला अडकवून घेतात. ड्रायव्हर बंद केला पण साखळीतलं नाव तसंच राहिलं, की ते अख्खं उपकरण चालू होत नाही. विंडोज उठतं आणि कीबोर्ड-माउस मेलेले.

त्याच कंट्रोलसेटमध्ये कंट्रोल, मग क्लास. क्लासवर उभं राहून कंट्रोल-एफनं ड्रायव्हरचं नाव शोधा. ‘अपरफिल्टर्स’ किंवा ‘लोअरफिल्टर्स’मध्ये सापडलं तर उघडून फक्त तेवढी ओळ पुसा. कीबोर्डच्या अपरफिल्टर्समध्ये ‘केबीडीक्लास’ आणि डिस्कच्या अपरफिल्टर्समध्ये ‘पार्टएमजीआर’ ही विंडोजची स्वतःची नावं आहेत, ती राहिलीच पाहिजेत. पार्टएमजीआर गेलं तर डिस्कच सापडायची नाही. एफ३ दाबत शेवटपर्यंत शोधा, नाव एकाहून जास्त ठिकाणी असू शकतं.

झालं की ‘जुना’वर क्लिक, फाइल, अनलोड हाइव्ह. मग कमांड प्रॉम्प्ट बंद करून ‘कंटिन्यू’.

एक गोष्ट चुकूनही करू नका. ‘रेगबॅक’ फोल्डरमधल्या फाइली कॉन्फिगमध्ये टाका, असा सल्ला अजून सगळीकडं फिरतो. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथं आपोआप बॅकअप घेणं बंद झालंय, फाइली असल्या तरी ० केबीच्या असतात. त्या कॉपी केल्या की चांगली रजिस्ट्रीही गेली.

चिकोडी_प्रिंट

रजिस्ट्रीला हात लावण्याआधी फॉन्ट वाचवा. कामाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. जुने नुडी फॉन्ट आणि मराठी सॉफ्टवेअरचे फॉन्ट युनिकोड (सगळीकडं चालणारे प्रमाण अक्षर-संकेत) नसतात. तेच फॉन्ट नसले तर कोरलमध्ये पावती उघडेल, पण अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसेल.

वर सांगितलेल्या नोटपॅडच्या खिडकीतूनच कॉपी होतात. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर सगळ्यांना माहीत असतो. दुसरी जागा मात्र हमखास राहते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या ‘इन्स्टॉल’नं टाकलेला फॉन्ट फक्त त्या युजरपुरता जातो: युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. दोन्हीकडचे घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही घ्या. कॉपी चालू असताना खिडकीत काहीच हालचाल दिसत नाही, लाईट असलेल्या पेन ड्राइव्हचा लाईट लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा.

‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ म्हणतात त्याचा अर्थही नीट समजून घ्या. फोटो-डॉक्युमेंट्स राहतात, पण कोरल, नुडी, बाहेरून टाकलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर जातं.

निपाणी_डीटीपी

चालू झालं! फॉन्ट दोन्ही फोल्डरमधले घेतले. ‘करंट’ १ होतं, ‘स्टार्ट’ ० होता तो ४ केला. क्लासमध्ये यूएसबीच्या अपरफिल्टर्समध्ये त्याचं नाव एकदा सापडलं, तेवढी ओळ काढली. कीबोर्ड-माउस ठीक आहेत. आता डोंगलचं काय करू? सॉफ्टवेअर तर लागणारच आहे.

खानापूर_नेटवर्क

छान झालं. आता डोंगल न लावता ॲप्सच्या यादीतून जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू, शो हिडन डिव्हाइसेस केलं की फिकट दिसणारी जुनी नोंदही काढता येते. अनइन्स्टॉल अडलं तर ४ वर आहे तसा राहू दे, त्रास देणार नाही.

सीडी बाजूला ठेवा. डोंगलवर किंवा त्याच्या खोक्यावर डोंगल बनवणाऱ्याचं नाव असतं, सॉफ्टवेअर कंपनीचं वेगळं. ड्रायव्हर डोंगल बनवणाऱ्याकडून, विंडोज ११ चालतं असं स्पष्ट लिहिलेला घ्यायचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटच असतं, त्यामुळं ३२ बिट ड्रायव्हर कधीच चालणार नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ प्रोग्रॅमपुरता असतो, ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही.

टाकण्याआधी सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ उघडा, सी निवडून कॉन्फिगर, प्रोटेक्शन ऑन, जागा ५ टक्के, मग क्रिएट. परत तसंच झालं तर या वेळी पाच मिनिटांत मागं येता येईल.

नवा ड्रायव्हर मिळालाच नाही तर विंडोज ७ चं मशीन टाकून देऊ नका. डोंगल तिथंच लावा, इंटरनेट काढून ठेवा, मजकूर तिथं टाइप करून ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करा (अक्षरांचं चित्र होतं, मग फॉन्ट लागत नाही) आणि फाइल नव्या मशीनच्या कोरलमध्ये न्या. कर्व्ह केल्यावर अक्षरं बदलता येत नाहीत, म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रत जुन्या मशीनवर ठेवा. पावती क्रमांक आणि मंडळाचं नाव तपासून झाल्यावरच कर्व्ह करा.

टिळकवाडी_हार्डवेअर

धागा शोधत येणाऱ्यांसाठी जोडतो. निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर वरचा उपाय लगेच लावू नका, ती बहुधा डिस्कची तक्रार असते. आधी बायोसमध्ये जा. तारीख मागं गेलेली असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपलीय. लाईट बराच वेळ गेली की अशा बोर्डाचं बायोस मूळ सेटिंगवर जातं आणि डिस्कचा मोड (बोर्ड डिस्कशी ज्या पद्धतीनं बोलतो तो) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलटा होऊ शकतो. ड्रायव्हर टाकला आणि त्याच दिवशी लाईटही गेली, तर दोष उगाच ड्रायव्हरवर येतो. बॅटरी बदला, मोड आधी होता तसा करा.

आणि स्क्रीन नुसती काळी, पण न्यूमलॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो, तर विंडोज बहुधा उठलेलं आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा. नाही जमलं तर ४ नंबरचा सेफ मोड, डिस्प्ले ॲडॅप्टर, अनइन्स्टॉल, आणि ‘ड्रायव्हर काढून टाका’ अशा अर्थाच्या चौकोनात टिक. टिक करायची राहून गेली तर रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर परत बसतो.