तंतुकणिका राजम्यासारखी की मोहरीसारखी? कांद्याच्या पापुद्र्यात भलतंच दिसलं

कांदेवाला_मास्तर (शनिवार, रात्री)

तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल दरवर्षी ठरलेलं: आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिप, केंद्रक दाखवायचं, जर्नलमध्ये विटांच्या भिंतीसारखी आकृती, सही, पुढची बॅच. यंदा कपाट आवरताना जेनस ग्रीन बी या रंगाची जुनी बाटली सापडली, सीलही न फोडलेली. म्हटलं, चला, या वेळी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जा तयार करणारी अंगकं) दाखवू.

चिमूटभर पूड पाण्यात घालून फिका निळा द्राव केला, पापुद्रा दहा मिनिटं त्यात ठेवला आणि ४५ च्या भिंगाखाली धरला. अहो, पेशीत चक्क रहदारी चाललेली! बारीक निळे ठिपके पेशीद्रवाच्या दोऱ्यांवरून केंद्रकाकडे जातायत, काही परत येतायत, मध्येच एखादा लांबुडका. पोरं भिंग सोडेनात. पण पाव तासात निळा रंग उडाला, एक-दोन ठिकाणी गुलाबी झाक आली आणि रहदारीही थंडावली.

मग शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात राजमा काढलाय आणि इथे मोहरी पळतेय. खरं कुठलं?" तिच्या शेजारच्यानं पुढे जोडलं, "आणि तो राजमा मधोमध चिरून आतल्या घड्या कुणी बघितल्या? एवढी बारीक सुरी असते का?"

सोमवारी सांगतो म्हणालोय. परवा सोमवार आहे. कुणी मदत करेल का?

शंकासूर

आधी एक खात्री करा, मास्तर. कांद्याच्या पेशीत पळणारा प्रत्येक ठिपका तंतुकणिका नसतो. काचेच्या मण्यासारखे चकाकणारे गोल असतात ते तेलाचे थेंब, ते निळे होत नाहीत. निळे तेवढेच मोजा. शिवाय जागच्या जागी थरथरणारा ठिपका बघून पोरांना 'जिवंत' म्हणून सांगू नका. ती थरथर पाण्याचे रेणू आपटल्यामुळे होते, काजळीच्या कणालाही होते. एका दोऱ्यावरून सरळ जातो तो मात्र पेशीनं वाहून नेलेला. तिथे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे अंथरलेले असतात आणि मायोसिनची इंजिनं त्यावरून ओझी ओढतात. आपल्या स्नायूंत आकुंचन घडवते तीच जोडी.

रंग उडण्याचं कारण सोपं आहे. जेनस ग्रीन ऑक्सिडाइज्ड असेल तर निळसर हिरवा असतो. पेशीद्रव त्याचा रंग काढून घेतं, तंतुकणिकेतलं श्वसनाचं विकर तो टिकवून धरतं. पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपला की तिथलाही रंग आधी गुलाबी होतो, मग जातो. थोडक्यात तुमची पोरं पाव तास पेशीचा श्वास कोंडताना बघत होती.

काचेची_सुरी

मास्तर, शेजारच्या मुलाचा प्रश्न माझ्या वाट्याचा. एवढी बारीक सुरी असते आणि ती काचेची असते. मुंबईतल्या एका संशोधनसंस्थेत मी १९८३ ते २०१७ तीच चालवली. माझं पद 'टेक्निशियन'. घरी सासूबाई विचारणाऱ्यांना सांगायच्या, "आमची सून चिरायला जाते."

काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे राजमा कुठून आला ते कळेल. उंदराच्या यकृताचा तुकडा घ्यायचा, जेमतेम एक मिलिमीटरचा. आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकायचा, म्हणजे आतली प्रथिनं आहेत तिथे जखडतात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. हे चरबीला धरतं, पेशीतली पटलं चरबीची, म्हणून फोटोत पटलांच्या काळ्या रेघा दिसतात. त्याची वाफ डोळ्यालाही तेवढ्याच प्रेमानं धरते, त्यामुळे काचेच्या हूडबाहेर बाटली उघडायची नाही. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी पाणी पूर्ण काढायचं आणि त्या जागी अराल्डाइट भरायचं. हो, तुटलेली कपबशी जोडायला आणता त्याच जातीचं. ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस ठेवलं की मधाच्या रंगाचा टणक ठोकळा निघतो. मुलांना हे जरूर सांगा की सुरी लागेपर्यंत पेशी मरून, सुकून, प्लास्टिक होऊन आठवडा झालेला असतो.

आता सुरी. जाड काचेच्या पट्टीचा चौकोन तोडायचा आणि तो चौकोन कर्णावर तोडायचा. नुकत्याच तुटलेल्या काचेची कड पोलादाच्या कुठल्याही पात्यापेक्षा धारदार असते, पण ती धार फार वेळ टिकत नाही. त्यामुळे सकाळी आल्या आल्या दहा-बारा सुऱ्या तोडून ठेवायच्या, त्यातल्या तीन धड निघायच्या. हिऱ्याची सुरीही होती. ती साहेबांच्या कपाटात कुलपात आणि माझ्या हातात पडायला सहा वर्षं गेली. धारेमागे चिकटपट्टीची होडी करून नेलपॉलिशनं कडा बुजवायच्या आणि काठोकाठ पाणी भरायचं. ठोकळा धारेवरून खाली गेला की काप पाण्यावर तरंगत येतो.

जाडी कशी ओळखायची? रंगावरून. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात ना, तसे. चंदेरी काप म्हणजे साधारण ६० ते ९० नॅनोमीटर, आपल्या कामाचा. सोनेरी जरा जाड, वेळेला चालवून घ्यायचा. जांभळा फेकायचा. तो काप बोटानं किंवा चिमट्यानं धरता येत नाही. आम्ही काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून त्यानं काप ढकलायचो. माझ्याच पापणीचा. त्या खोलीत एसीचा झोत चालत नसे आणि काप पडताना मी श्वास रोखून धरायची. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर काप उचलला की तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपात जायचा.

आता हिशेब करा. तंतुकणिका साधारण एक मायक्रोमीटर जाड, काप सत्तर नॅनोमीटरचा. म्हणजे एकीचेच चौदा काप झाले, आणि पुस्तकातला फोटो त्यातल्या एका कापाचा. ओली कुर्डई सुरीनं आडवी कापून बघा. कापलेल्या बाजूला धागा दिसतच नाही, नुसते गोल, लंबगोल, एखादा आखूड तुकडा. ज्यानं कुर्डई कधी पाहिली नाही तो शपथेवर सांगेल की हे दाणे आहेत. १९७३ साली यीस्टच्या बाबतीत हेच उघड झालं. सुट्या कापांत अनेक तंतुकणिका दिसायच्या. मग एका अख्ख्या पेशीचे सगळे काप क्रमानं लावून जोडले, तर एकच मोठी, फांद्या फुटलेली तंतुकणिका निघाली. सलग काप न हरवता धरणं म्हणजे काय दिव्य असतं, हे मला विचारा. एक काप होडीच्या कडेला चिकटला की त्या जागी कायमचं भोक.

म्हणून राजमा खोटा आहे असंही नाही. उंदराच्या यकृतात त्या खरोखरच बऱ्याचशा आखूड आणि गुबगुबीत असतात. सुरुवातीचे नामांकित फोटो अशाच ऊतींचे होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पॅलाडे आणि स्वीडनमध्ये स्योस्ट्रांड, दोघांनीही १९५२-५३ च्या सुमारास आतल्या घड्या दाखवल्या आणि त्या नेमक्या कशा असतात यावर वाद घातला. पुस्तकातली तोंडाशी रुंद उघडी घडी पॅलाडेंच्या चित्राची वंशज. पुढे १९९० च्या दशकात जाडसर काप निरनिराळ्या कोनांतून टिपून संगणकानं जोडले, तेव्हा बऱ्याच घड्यांचं तोंड अरुंद नळीसारखं निघालं. आकृती मात्र अजून जुनीच छापतात.

आणि मास्तर, तुमच्या मुलीला तिच्याच पुस्तकातला शब्द फोडायला सांगा. तंतू आणि कणिका. १८९८ मध्ये जर्मनीत कार्ल बेंडानं साध्या मायक्रोस्कोपातून कुठे धागे, कुठे दाणे पाहिले आणि ग्रीकमधले 'मिटोस' म्हणजे धागा आणि 'कोंड्रोस' म्हणजे दाणा जोडून नाव ठेवलं. आपल्याकडे ज्यानं भाषांतर केलं त्यानं दोन्ही राखलं. राजमा त्यानंतर पन्नास वर्षांनी आला.

पाहुणी_ग्योटिंगेनची

ताई, पापणीचा केस वाचून हसले. आमच्या इथेही एक काडी आहे, कुणाची पापणी ते कुणी सांगत नाही!

मी जिवंत पेशींवर काम करते. बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी, आणि टीएमआरएम नावाचा चमकणारा रंग. तंतुकणिका आपल्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतभाराचा फरक राखून असते, आत ऋण. हा रंग धनभारित, म्हणून आपसूक आत ओढला जातो. पटलावरचा भार गेला की रंगही बाहेर पडतो. त्यामुळे हा रंग जागा दाखवतो आणि काम चालू आहे की नाही तेही सांगतो. माझ्या पेशींत राजमा जवळपास नाहीच. लांब धागे असतात, ते एकमेकांना जाऊन चिकटतात, थोड्या वेळानं भलत्याच ठिकाणी तुटतात. ही नवी बातमीही नाही. कोंबडीच्या गर्भाच्या पेशी काचेवर वाढवून अमेरिकेतल्या मार्गारेट आणि वॉरन लुईस या जोडप्यानं १९१५ मध्येच हे सगळं लिहून ठेवलंय. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपाचे सुंदर फोटो आले आणि लोक ते जवळपास विसरले.

तंतुकणिका एकमेकींना जोडणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९७ मध्ये फळमाशीत सापडलं. नराच्या शुक्रपेशी तयार होताना सगळ्या तंतुकणिका जुळून एक गोळा होतो. कापात तो चिरलेल्या कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा दिसतो. हे जनुक बिघडलं की तो कांदा विस्कटतो, म्हणून जनुकाचं नाव 'फझी अनियन्स', विस्कटलेले कांदे.

खराखुरा कांदाही आहे. २००४ मध्ये जपानमध्ये तंतुकणिका कशा जुळतात ते कांद्याच्या पापुद्र्यावर बघितलं. तिथे काएदे नावाचं प्रथिन वापरलं. काएदे म्हणजे जपानीत मॅपल. हे प्रथिन मुळात हिरवं चमकतं आणि जांभळा प्रकाश पडला की कायमचं लाल होतं, शरदातल्या पानासारखं. त्यांनी पेशीतल्या काही तंतुकणिका लाल केल्या आणि नुसतं बघत बसले. लाल आणि हिरवी आपटली, मिसळली, पिवळी झाली, पुन्हा सुटी झाली. तास-दोन तासांत सगळी पेशी पिवळी. म्हणजे मास्तर, तुमच्या मुलांना दिसलेल्या मोहऱ्या सुट्या असतात हे खरंच (वनस्पतींत बहुतेकदा तशाच असतात), पण त्या आतला माल सतत एकमेकींना देतात. जेनस ग्रीननं सगळ्या सारख्याच निळ्या होतात, त्यामुळे हे कळायला मार्ग नाही.

आमच्या पद्धतीची खोड पण सांगते, नाहीतर ताई म्हणतील जिवंतवाल्या फार टेचात. लेसर जरा जास्त झाला की पेशीला त्रास होतो आणि धाग्यांचे मणी होतात. पहिल्या वर्षी मी दोन महिने 'औषधाचा परिणाम' म्हणून मणी मोजले. तो माझ्याच लेसरचा परिणाम होता.

कांदेवाला_मास्तर

तिघांचेही आभार. एक उपप्रश्न, उद्या हमखास येणार म्हणून: तिथेच ऊर्जा तयार होते, हे कळलं कसं? बघून तर कळणार नाही.

काचेची_सुरी

बघून नाही, वेगळं काढून. यकृत वाटायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. हळू फिरवलं की केंद्रकं तळाशी बसतात, वरचं पाणी घेऊन जोरात फिरवलं की तंतुकणिका. अडचण ही होती की आधी वापरायचे त्या द्रावांत त्या फुगायच्या, एकमेकींना चिकटायच्या. १९४८ मध्ये होगेबूम, श्नायडर आणि पॅलाडे यांनी घट्ट साखरपाणी वापरलं, लिटरला सुमारे ३०० ग्रॅम साखर. त्यात त्यांचा लांबुडका आकार टिकला. तळाशी बसलंय ते तंतुकणिकाच आहेत, हे त्यांनी कशावरून ओळखलं माहितीय? आकार टिकलेला आणि जेनस ग्रीन लागला, यावरून. तुमच्या कपाटातली बाटली! लगेच पुढे केनेडी आणि लेनिंजर यांनी वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना खायला घालून दाखवलं की ऑक्सिजन वापरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, इथेच बनतं. पाकाचं प्रमाण नंतर बरंच उतरलं. मी होते तेव्हा लिटरला ८५ ग्रॅमच्या आसपास, आणि बाटलीवर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी, कारण एका उन्हाळ्यात कुणीतरी त्याचं सरबत केलं होतं.

कांदेवाला_मास्तर (मंगळवार)

काल केलं. पहिला पापुद्रा फुकट गेला. रंग मीच गडद केला होता, पेशी मेल्या, सगळं एकसारखं निळं. दुसऱ्याला फिका द्राव, आणि शंकासूर म्हणाले त्यावरून दर पाच मिनिटांनी कव्हरस्लिपच्या एका कडेला ताजा थेंब सोडून दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घेतला. रहदारी पाऊण तास चालली. चकाकणारे आणि निळे वेगळे ओळखायला एका गटाला जमलं, बाकीचे सगळंच मोजत होते.

कुर्डई वाळलेलीच मिळाली. भिजवून कापली तर निम्मी पसरली, पण कापलेली बाजू दिसली तेवढं पुरलं. ताई, तुमची पापणी पोरांना कुठल्याही प्रथिनापेक्षा जास्त आवडली. दोघी काडीला केस चिकटवून बसल्या होत्या.

शेवटच्या बाकावरच्या मुलीनं जर्नलमध्ये राजम्याऐवजी ठिपके आणि बाण काढलेत. खाली लिहिलंय: '४५० पट, जेनस ग्रीन, झाकल्यापासून ६ मिनिटं.' मी सही केली. बाहेरून येणारे परीक्षक काय म्हणतील ते फेब्रुवारीत कळेल.