मेनी-वर्ल्ड्स नीट समजायला काय वाचू?

गोदाकाठ:
नमस्कार. नाशिकमध्येच एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेनी-वर्ल्ड्स, म्हणजे क्वांटम मापनात शक्य असलेले सगळेच निकाल वेगवेगळ्या जगांत घडतात ही मांडणी, वाचतेय, पण दोन गाठी सुटत नाहीत. गुंतलेल्या (एंटँगल्ड, म्हणजे ज्यांचे निकाल एकमेकांशी जोडलेले असतात अशा) दोन फोटॉनपैकी, म्हणजे प्रकाशकणांपैकी, एकाचं पंचवटीत मापन केलं, तर नाशिकरोडला असलेल्या दुसऱ्याच्या भोवतीचं जगही त्याच क्षणी दुभंगतं का? आणि सगळेच निकाल घडत असतील, तर ‘शक्यता १/३’ म्हणजे नक्की काय? व्हिडिओ पुष्कळ पाहिले, त्यांत गणित नसतं. गणित असलेलंच सुचवा.

देवळालीकर:
ही कल्पना मांडणाऱ्या एव्हरेटच्या १९५७ च्या मूळ लेखापासून सुरुवात करा. छोटा आहे, तुम्हाला झेपेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. पंचवटीतला बदल आधी तिथल्या यंत्रात होतो, मग हवेच्या रेणूंतून, प्रकाशातून बाहेर पसरतो. प्रकाशापेक्षा वेगाने कधीच नाही. नाशिकरोडला मापन झालं की तिथेही दोन्ही निकाल असतात. पंचवटीचा कुठला निकाल तिथल्या कुठल्याशी जोडला जातो, हे दोन्हीकडच्या नोंदी एकत्र आल्यावरच दिसतं. बेलचं १९६४ चं प्रमेय सांगतं की असे जोडलेले निकाल फक्त स्थानिक कारणांनी समजावता येत नाहीत, पण ते प्रत्येक मापनाला एकच निकाल असतो असं धरून चालतं. इथे ते गृहीतकच नाही, त्यामुळे प्रमेय खरं राहूनही आड येत नाही. यासाठी डॉइच आणि हेडन यांचा २००० चा लेख वाचा, हायझेनबर्ग पिक्चरमधला (म्हणजे स्थितीऐवजी मोजायच्या राशी काळानुसार बदलतात अशा मांडणीतला). आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साइटवर फुकट आहे.

सिडको_फिजिक्स:
एक भर. परिणाम प्रकाशवेगाच्या आत पसरतो हे खरं, पण दोन्ही ठिकाणांच्या स्थिती वेगवेगळ्या लिहिल्या तर जोडीची माहिती हरवते. वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाबाबत: फांद्या, म्हणजे दुभंगून झालेली जगं, मोजू नका. मी वर्षभर तेच करत होतो. १/३ आणि २/३ वजनाच्या दोन निकालांना निम्मंनिम्मं म्हणता येत नाही. शिवाय डीकोहेरन्समधून (परिसराशी संपर्क आल्याने फांद्या एकमेकींपासून वेगळ्या होतात त्यातून) फांद्यांचा नेमका आकडा निघतच नाही. वजन येतं ते अँप्लिट्यूडच्या (क्वांटम गणित प्रत्येक निकालाला जो आकडा देतं त्याच्या) वर्गातून, म्हणजे बॉर्नच्या १९२६ च्या नियमातून. तो नियम का, यावर डॉइचने १९९९ मध्ये विचारलं की समंजस माणूस अशा जगात पैज कशी लावेल. वॉलेसच्या २०१२ च्या ‘द इमर्जंट मल्टिव्हर्स’मध्ये ते सविस्तर आहे. हवं तेच आधी गृहीत धरलंय, हा त्यावरचा आक्षेप मला अजूनही वजनदार वाटतो. तोही वाचाच.

गोदाकाठ:
मनापासून आभार. एव्हरेट आजच उघडते. रविवारी कॉलेज रोडला कोणी बसेल का? डॉइच-हेडन एकटीने जमणार नाही.

देवळालीकर:
मी येतो. पहिली पाच पानं हाताने सोडवून आणा.