लग्नाचे कपडे आणि लिफ्टसमोरचा खोका

मंगलताई ब-३०४: खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "लग्नातले चांगले कपडे, गरजूंच्या लग्नासाठी". तरी आज काय निघालं? उसवलेली चादर, दोन टॉवेल आणि शाळेचा युनिफॉर्म. त्याची बटणंसुद्धा काढून घेतलेली! ज्याचं असेल त्याने संध्याकाळपर्यंत न्यावं. नाव घेणार नाही.

देशमुखकाका अ-१०१: खोका लिफ्टसमोरून हलवा. जाण्यायेण्याला अडचण होते.

प्रसाद क-२०२: सोलापुरात चादर दान? पंढरपुरात बुक्का वाटल्यासारखं झालं की 😂

विद्याताई ब-२०१: टॉवेल माझे होते. चांगले आहेत. नवरीला लागत नाहीत का?

मंगलताई ब-३०४: विद्याताई, तुम्हाला नाही म्हटलं.

विद्याताई ब-२०१: मग कुणाला म्हटलं? 🙏

लक्ष्मीअक्का ब-१०३: लग्नाचा शालू कुणाला देऊ नये. सौभाग्याचं वस्त्र असतं ते.

मंगलताई ब-३०४: अक्का, तुमचा शालू ट्रंकेत घडीवर फाटला, हे तुम्हीच सांगितलंत ना?

लक्ष्मीअक्का ब-१०३: फाटू दे. माझा आहे.

पद्माकरकाका क-३०१: घडीवर फाटणारच. रेशमाची घडी अधूनमधून बदलावी लागते. खरी जरी म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. तिला सेंट किंवा डांबरगोळी लागली की काळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. आमच्या मागावर असताना हे शेंबडं पोरही सांगायचं. आता दुकानदारालाही तांब्याची जरी ओळखता येत नाही.

प्रसाद क-२०२: काका सुरू झाले बे 😄

देशमुखकाका अ-१०१: खोका लिफ्टसमोरून हलवा.

नेहा अ-४०१: मला माझा घागरा द्यायचा आहे. एकदाच घातला, अर्धं कपाट अडवून बसलाय. आईंची हरकत नाही.

सुमनकाकू अ-४०१: मी असं कधी म्हटलं? नेहा, घरात बोलू.

प्रसाद क-२०२: 🍿

शबानाभाभी क-१०४: देताना ब्लाउजच्या आत मार्जिन आहे का बघा. कापून टाकलं असेल तर दुसऱ्या मुलीच्या अंगाला बसवता येत नाही. मापाची चिठ्ठी पिन करा. हळदीचा डाग उन्हात फिका होतो, पण म्हणून शालू गच्चीवर टाकू नका, त्याचाही रंग उडतो. आधी ड्रायक्लीन, मग दान. मेंदी आणि श्रीखंडासकट कपडे पाठवतात लोक, आणि वर म्हणतात पुण्य केलं.

सेक्रेटरी: या खोक्याला कमिटीची परवानगी होती का? अजेंड्यावर विषय नव्हता.

मंगलताई ब-३०४: गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी टेरेसवर नातवाचा वाढदिवस झाला, डीजेसकट. तो होता का अजेंड्यावर?

सेक्रेटरी: तो विषय वेगळा. मेंटेनन्स थकबाकीची यादी टाकू का?

विद्याताई ब-२०१: यादी नको, पाणी कधी येणार ते टाका. आणि माझे टॉवेल परत द्या.

नेहा अ-४०१: केरळात मलप्पुरम जिल्ह्यात एका टॅक्सीवाल्याने २०२० मध्ये लग्नाच्या कपड्यांची बँक सुरू केली. लोक आपले कपडे देतात आणि ज्यांना परवडत नाहीत त्या मुली येऊन आपल्या पसंतीने निवडतात. पैसे घेत नाहीत.

मंगलताई ब-३०४: हेच मी कधीची सांगतेय! सामुदायिक विवाहात बहुतेक ठिकाणी सगळ्या नवरीमुलींना एकसारखी साडी मिळते. रंगसुद्धा कुणी विचारत नाही. आपल्याकडे चार शालू जमले तरी ती चारांतून एक उचलेल. अक्का, तुमचा मागत नाहीये.

लक्ष्मीअक्का ब-१०३: माझ्या सुनेचा विचारते. ती पुण्यात जीन्सच घालते.

देशमुखकाका अ-१०१: खोका लिफ्टसमोरून हलवा.

मंगलताई ब-३०४: काका, हलवला. माझ्या हॉलमध्ये आहे. या बघायला.

देशमुखकाका अ-१०१: धन्यवाद. चिरंजीवांची शेरवानी आहे, ४४ मापाची. आता त्यांना होत नाही.

प्रसाद क-२०२: काका, ती सामुदायिक मंडपालाच लागेल 🤣

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. टँकर उद्या सकाळी ७ ला.

सुमनकाकू अ-४०१: बोलणं झालं घरात. घागरा देऊ. दुपट्टा ठेवू, तो आमच्याकडचा होता.

शबानाभाभी क-१०४: दुपट्ट्याशिवाय घागरा कोण नेणार, काकू?