फ्लेक्सचा धंदा आहे, पण कचरा अन् वास कमी कसा करू?

फ्लेक्सवाला_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं प्रिंटिंगचं दुकान आहे, १० फुटी सॉल्व्हंट मशीन (वासाच्या रसायनात कालवलेली शाई वापरणारं) एकच, मी अन् एक ऑपरेटर पोरगा. वाढदिवस, तेरवी, शंकरपट, पोळा, जे येईल ते छापतो. परवा गावाबाहेरच्या नाल्यात पाहतो तर मीच छापलेले चार बॅनर अडकलेले, त्यातला एक दोन वर्षांपूर्वीचा, अक्षरं अजून वाचता येतात अन् खाली कोपऱ्यात आपल्याच दुकानाचं नाव मोबाइल नंबरासकट! लाज वाटली खरं सांगतो. घरची पण म्हणते संध्याकाळी तुमच्या कपड्यांचा वास येते, डोकं दुखते. तर इको सॉल्व्हंट मशीन घेऊ का कापडाकडे वळू? डीलर म्हणतो इको घ्या, प्रदूषण झीरो. अन् गिऱ्हाइकाला स्क्वेअर फुटाच्या रेटशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. कोणी काही केलं असेल तर सांगा.

हेड_सर्व्हिस_चंद्रपूर:
भाऊ, डीलरचं झीरो बिरो सोडा. इको सॉल्व्हंट म्हणजे पण सॉल्व्हंटच, वास कमी येते एवढंच, दारं बंद करून बसायची शाई नाही ती. लेटेक्सची शाई पाण्यावरची असते, वास जवळपास नाही, पण ती सुकवायला हीटर लागतो, म्हणजे बिल वाढते अन् आपल्याकडची लाइन तुम्हाला माहीत आहे. यूव्ही एलईडी (दिव्याच्या उजेडानं सुकणारी शाई) चांगली, पण तालुक्याच्या रेटमध्ये हप्ता निघेल का ते आधी पाहा. मी २० गावांत मशीन दुरुस्त करतो, मला विचाराल तर मशीन बदलायच्या आधी आहे त्या मशीनवर किती वाया जाते ते मोजा. सकाळी नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, चेक न करता पोरं सरळ क्लीनिंग मारतात, एकदा नाही चार चारदा, ती सगळी शाई वेस्टच्या बाटलीत. कूलरचा झोत सरळ मशीनवर सोडतात, शाई सोडणारं हेड सुकते, पुन्हा क्लीनिंग. अन् यूपीएस नसेल तर अर्ध्यात लाइन गेली की अर्धा बॅनर भंगार, कारण पुन्हा सुरू केल्यावर मधात पट्टा दिसतेच. रिपमध्ये (छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये) इंक लिमिट कमी करा, रस्त्यावरच्या बॅनरला फोटो स्टुडिओची क्वालिटी लागत नाही. गडद बॅकग्राउंड कमी केलं तरी फरक पडते.
वासाचं म्हणाल तर एक्झॉस्ट फॅन वर छताजवळ असेल तर काही उपयोग नाही, या सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच बसते. फॅन मशीनच्या मागं, जमिनीपासून हात दीड हात वर लावा. अन् वेस्टची बाटली नालीत ओतू नका, कचऱ्यासोबत पेटवू तर अजिबातच नका, झाकणाच्या डब्यात जमा करा. बुटीबोरीला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, चार पाच दुकानवाले मिळून तिथं चौकशी करा.

कास्तकार_बाबा:
नाल्यात कायले टाकता, आमाले द्या ना बावा. माह्या गोठ्यावर माजी सरपंच उलटा पडून हाय तीन वर्सापासून, आतून गाईले त्याचा पांढरा भाग दिसते फक्त 😄 सोयाबीनची सुडी झाकाले, बैलबंडीत खाली टाकाले लय कामाचा हाय तो. पण एक सांगतो, मांगच्या साली थ्रेशरखाली जुना फ्लेक्स अंथरला होता, उन्हानं पार कडक झाला होता, घडीवर तुटे. सोयाबीन चाळलं त निळे निळे टिकले निंघाले दाण्यात, बायकोनं दोन दिवस निवडले अन् मले शिव्या देल्ल्या त्या वेगळ्याच. तवापासून दाना, मिरच्या, हळद काही त्याच्यावर टाकत नाई. अन् जाळाले त भेवच वाटते, एकदा पोरायनं होळीत टाकला, डोळे चुरचुरले साऱ्याईचे.

हेड_सर्व्हिस_चंद्रपूर:
बाबा बरोबर बोलले. फ्लेक्समधलं पीव्हीसी प्लॅस्टिक जळालं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, वरून डायऑक्सिन. आमच्याकडे सिमेंट फॅक्टऱ्या भट्टीत बाकीचं प्लॅस्टिक जाळतात पण क्लोरीनमुळे भट्टीत थर जमतात, म्हणून पीव्हीसीला त्या पण नाक मुरडतात. फ्लेक्स म्हणजे आतून पॉलिस्टरची जाळी अन् दोन्हीकडून पीव्हीसी, वेगळं करणार कोण, म्हणून भंगारवाला पण घेत नाही.

वर्धेची_ताई:
दादा, कापडाकडे जाताना एक बघा, बाजारात जे कापडी बॅनर म्हणून विकतात ते बहुतेक पॉलिस्टर असते, म्हणजे तेही प्लॅस्टिकच, फक्त दिसायला सोज्वळ. ट्रान्सफर पेपरवाली सब्लिमेशन (कागदावर छापून उष्णतेनं कापडावर उतरवायची छपाई) तर पॉलिस्टरवरच चालते, सुतीवर रंग धरत नाही. आमच्या बचत गटाने साध्या मांजरपाटावर ओळखीच्या दुकानातून सॉल्व्हंटने छापून पाहिलं होतं, शाई सगळी आत शोषली, पांढऱ्या कापडावरचा गुलाबी रंग मळका तांबडा झाला. कोटिंगचं सुती कापड घ्या नाहीतर पिगमेंट शाईचं मशीन लागते. आपण एवढा कापूस पिकवतो अन् बॅनरचं सुती कापड शोधायला फिरावं लागते, काय म्हणावं. पण लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, मंडपातलं बॅनर, जे पावसात राहत नाही, तिथं सुती चालते अन् नंतर आम्ही त्याच्या पिशव्या शिवतो. अजून एक, एका रंगाचा मजकूर असेल तर गावातल्या पेंटरला द्या, तो बिचारा तुमच्या मशीनमुळेच बसला घरी.

नियम_बघा:
केरळने २०१९ मध्येच पीव्हीसी फ्लेक्स बंद केला. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आहे पण ती १०० मायक्रॉनच्या खालच्या पीव्हीसी बॅनरवर, आपला नेहमीचा फ्लेक्स त्याच्यापेक्षा जाडच असतो, म्हणून सुटतो. उद्या नियम कडक झाला तर सगळ्यांची धावपळ होईल, आतापासून थोडं थोडं कापडाचं शिकून ठेवा.

फ्लेक्सवाला_यवतमाळ:
सगळ्यांचे आभार. महिनाभर हिशोब लिहून पाहिला भाऊ, तुमचं खरं निघालं. वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मशीन नव्हतंच, शुभेच्छुक होते! एका भाऊचा फोटो राहिला म्हणून १० बाय २० चा पुन्हा छापला, २८० जीएसएमचा (चौरस मीटरला २८० ग्रॅम) धरला तर पाच किलोच्या वर फ्लेक्स एका फोटोपायी. आता व्हॉट्सॲपवर प्रूफ टाकतो अन् पैसे देणाऱ्याचा 'ओके' आल्याशिवाय प्रिंट देतच नाही, उशीर झाला तर झाला. फॅन खाली घेतला, घरची म्हणते फरक आहे. जुना बॅनर परत आणला तर पुढच्या बिलात सूट ठेवली आहे, आतापर्यंत फक्त सात आले, ते सुडी झाकायला कास्तकारांनाच देतो, दाण्याखाली टाकू नका हे सांगून. यात्रेच्या मंडळाला म्हटलं बॅनरवर सन टाकू नका, सनाची एक फुटाची वेगळी पट्टी करू, दरवर्षी तेवढीच बदला. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. आता फक्त त्या पट्टीवर पण त्यांचा फोटो पाहिजे म्हणतात.