कन्फाउंडिंग हा दोष की तंत्र?

प्रश्न

कृषी पदवीनंतर मी आता सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करते आहे. प्रयोग-आराखड्याच्या तासाला आम्हाला ‘कन्फाउंडिंग’ हे मुद्दाम वापरायचे तंत्र म्हणून शिकवले होते. इथे मात्र तोच शब्द अभ्यासातील गंभीर दोषासाठी येतो, आणि रोजच्या इंग्रजीत तर त्याचा अर्थ केवळ बुचकळ्यात पाडणे एवढाच. या तिन्हींचा परस्परांशी संबंध आहे का? आणि प्रत्यक्ष अभ्यासात कन्फाउंडर, म्हणजे असा दोष आणणारा घटक, ओळखायचा कसा?

पहिले उत्तर

संबंध आहे, आणि तो शेतातच सर्वांत स्पष्ट दिसतो. नत्र, स्फुरद आणि पालाश ही खते ‘दिले’ व ‘दिले नाही’ अशा दोन पातळ्यांवर तपासायची, तर आठ वाफे लागतात. सारख्या जमिनीचे आठ वाफे मिळाले नाहीत, की आपण चार-चारचे दोन गट करतो: एकात बिनखताचा वाफा, नत्र-स्फुरद, नत्र-पालाश आणि स्फुरद-पालाश, दुसऱ्यात एकेकटे नत्र, स्फुरद, पालाश आणि तिन्ही एकत्र. नत्राचा परिणाम सुरक्षित राहतो, कारण प्रत्येक गटात दोन वाफ्यांना नत्र आहे आणि दोन वाफ्यांना नाही. जमिनीतला फरक वजाबाकीत निघून जातो. मात्र तिन्ही खतांची आंतरक्रिया, म्हणजे एका खताचा परिणाम इतर खतांच्या सोबतीने बदलणे, मोजायची वजाबाकी म्हणजे नेमकी दुसऱ्या गटाच्या उत्पादनातून पहिल्याचे उत्पादन वजा करणे. मग आलेला फरक आंतरक्रियेचा की त्या बाजूच्या भारी जमिनीचा, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. दोन परिणाम असे एकमेकांत मिसळणे म्हणजेच कन्फाउंडिंग. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात ही पद्धत विकसित केली. बहुधा किरकोळ असलेल्या माहितीवर तीत जाणूनबुजून पाणी सोडले जाते, आणि पुढच्या पुनरावृत्तीत वेगळी आंतरक्रिया गटांत मिसळली तर तीही काही प्रमाणात परत मिळते.

दुसरे उत्तर

आरोग्याच्या अभ्यासातही घडते तेच. फक्त तिथे काय कशात मिसळणार, हे संशोधकाने ठरवलेले नसते. 1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्यावरील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. मोठा छेद घेऊन केलेली जुनी शस्त्रक्रिया 350 पैकी 273 रुग्णांत, म्हणजे 78 टक्के, यशस्वी ठरली. लहान छिद्रातून खडा काढण्याची नवी पद्धत 350 पैकी 289 रुग्णांत, म्हणजे 83 टक्के. नवी पद्धत सरस वाटते. आता खडे आकारानुसार वेगळे करून पाहा: लहान खड्यांत जुनी 93 टक्के आणि नवी 87, मोठ्या खड्यांत जुनी 73 आणि नवी 69. दोन्हीकडे जुनीच पुढे आहे, तरी एकूण बेरजेत ती मागे पडली, कारण तिच्या वाट्याला मोठ्या खड्यांचे 263 रुग्ण आले होते आणि नव्या पद्धतीच्या वाट्याला अवघे 80. खड्याचा आकार उपचाराच्या निवडीशीही निगडित आहे आणि यशाशीही, म्हणून तो कन्फाउंडर. रुग्णालयांच्या जाहिरातींत यशाचे टक्के वाचताना मला हे उदाहरण हटकून आठवते.

तिसरे उत्तर

वरील उत्तराला एक पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते. कारण आणि परिणाम या दोन्हींशी संबंध दिसला की तो घटक कन्फाउंडर समजून आकडेमोडीत घालण्याची सवय फार पसरली आहे, आणि ती घातक आहे. जास्त मिठाने पक्षाघाताचा धोका वाढतो का, हे पाहताना वय विचारात घ्यावेच लागते, कारण वयानुसार आहारही बदलतो आणि धोकाही. रक्तदाब मात्र स्थिर धरला, तर मीठ ज्या वाटेने अपाय करते तीच वाट आपण बंद करतो आणि मीठ बरेचसे निर्धोक असल्याचा चुकीचा निष्कर्ष हाती येतो. हा भेद सॉफ्टवेअर करून देत नाही. त्यासाठी शरीराचे व्यवहार ठाऊक असावे लागतात.

जे घटक मोजलेच नाहीत, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होते. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या संशोधन प्रकल्पाने 16,608 स्त्रियांपैकी कोणाला गोळी द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे, ठरवले, आणि 2002 मध्ये आलेल्या निष्कर्षांत तो फायदा दिसला नाही. स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या, हे त्या तफावतीचे एक कारण मानले जाते. रजोनिवृत्तीनंतर किती वर्षांनी गोळ्या सुरू झाल्या, यावरही पुढे बरीच चर्चा झाली.