मदत हवी आहे: बाबांकडून परत आला की आठ वर्षांचा भाचा खोटं बोलतो

आम्ही सिंहगड रोडला, वडगावात राहतो. मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून माझी मोठी बहीण दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे आहे. या मे महिन्यात ताई आणि दाजींनी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला, आता सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली आहे. मारहाण, व्यसन असलं काहीही नाही. दोघांचं पटेनासं झालं. दाजी हडपसरला असतात आणि दर रविवारी भाच्याला घेऊन जातात.

मागच्या रविवारी संध्याकाळी मी दूध घेऊन येत होतो. दाजी त्याला गेटवर सोडून गेले होते आणि हा पार्किंगच्या नळाखाली शर्टाचं टोक धरून जीव खाऊन घासत होता. आंबा मस्तानीचा पिवळा डाग. मला बघून दचकला. म्हणाला, "मामा, आजीला सांगू नको हं. मी तिला सांगणारे की बाबा नुसते फोनवर होते."

वर गेल्यावर माझ्या आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय दिलं रे खायला? घरी कोण कोण होतं?" तो म्हणाला, "काही नाही. कंटाळा आला." ते ऐकून ताईचा चेहरा क्षणभर सैल पडला. तिच्याही नकळत पडला असेल, पण तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत होता. बघून घेतलं आणि मग हात धुवायला गेला.

दाजींशी फोनवर बोललो तेव्हा कळलं की तिकडे तो सांगतो, "आजीकडे मला कुणी खेळायलाच घेत नाही." अहो, रोज संध्याकाळी मी त्याला पार्किंगमध्ये बोलिंग टाकतो! म्हणजे दोन्ही घरी तो त्या त्या घराला बरं वाटेल तेच बोलतोय. तिसरीतलं पोर आहे हो.

तीन आठवड्यांपासून अंथरूण ओलं होतंय. डॉक्टरांनी लघवी तपासली, काही निघालं नाही. एकदा झोपताना त्याने विचारलं, "मी गणिताची वही हरवली होती तेव्हा बाबा खूप ओरडले होते. त्याच्यामुळे झालं का?" मी नाही म्हणालो, पण पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

भाची चौदा वर्षांची, नववीत आहे. दिवाळीपासून ती वडिलांकडे जातच नाही. ताईचा डबा भरते, भावाचा अभ्यास घेते, कुणापुढे रडत नाही. नातेवाईक "किती समजूतदार!" म्हणून कौतुक करतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

भाच्याच्या खोटं बोलण्यावर त्याला काय म्हणू? भाचीला जायला भाग पाडावं का? आणि कोर्टात मुलांना "आई हवी की बाबा" असं विचारतात का? ताईला या शेवटच्या गोष्टीने झोप लागत नाही.

प्रतिसाद १

दादा, माझे आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांनी घेतलेला लाल फ्रॉक मी वर्षभर मैत्रिणीकडे ठेवला होता. त्याला खोटं बोलण्याबद्दल रागावू नका, तो दोघांनाही सांभाळतोय. मला कुणीतरी एवढं म्हणायला हवं होतं की "तिकडे तुला मजा आली तर मला आनंदच होतो." आणि ते आईच्या तोंडून यायला हवं होतं, मामाच्या नाही. एकदा सांगून भागणार नाही, दर रविवारी जाताना सांगावं लागेल.

आणि तो वहीचा प्रश्न पुन्हा येईल. मी तो कित्येक वर्षं मनात धरून होते.

प्रतिसाद २

मी शाळेत समुपदेशक आहे. या वयाच्या मुलांना आपल्यामुळेच घर मोडलं असं वाटणं फार सर्रास दिसतं. आईबाबा दोघांनीही एकच वाक्य, त्याच शब्दांत सांगावं: "हे आमच्या दोघांमधलं आहे, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही, आणि तू दोघांचाही आहेस." परत आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारू नका. हातपाय धुवू देत, खाऊ देत. एका घरचे निरोप दुसऱ्या घरी त्याच्याकरवी पाठवू नका, फीचे किंवा पुस्तकांचेसुद्धा. अंथरूण ओलं झालं तर गाजावाजा न करता चादर बदला. हे लांबलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत आणि मराठीत बोलता येतं.

भाचीबद्दल तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. तिला ओढून नेऊ नका, पण दार बंदही होऊ देऊ नका. वडिलांनी तिला आठवड्याला एक साधा मेसेज करावा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. आणि डब्याचं काम तिच्याकडून आजच काढून घ्या.

प्रतिसाद ३

मी वकील आहे. संमतीचा अर्ज असेल तर मुलं कुणाकडे राहणार, कधी भेटणार हे तुम्हीच आपसांत ठरवून अटींमध्ये लिहून देता. रविवार, वाढदिवस, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, असं स्पष्ट लिहा. वाद नसेल तर सहसा मुलांना विचारायची वेळच येत नाही. वाद झालाच तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण अंतिम कसोटी मुलाच्या हिताची. बहुतेक वेळा न्यायाधीश किंवा विवाह समुपदेशक मुलाशी वेगळ्या खोलीत बोलतात. ताईंना सांगा, ताबा आणि भेटीच्या अटी परिस्थिती बदलली तर पुढेही बदलून घेता येतात.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल फ्रॉकचं ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःहून दाजींना फोन केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं कोर्टाच्या कामाशिवाय बोलणं झालं. ते वाक्य दोघंही सांगणार आहेत.

आईशी मी बोललो. ती म्हणाली, "मला कळतं रे, पण तो दारात आला की तोंडातून निघूनच जातं." म्हणून रविवारी संध्याकाळी तो यायच्या वेळेला मी तिला तळजाईला फिरायला घेऊन जाणार आहे.

डबे आता मी भरतो. पहिल्या दिवशी भाची मागे उभी राहून पोळ्या मोजत होती. तिला म्हटलं, जा, आवर तुझं. गेली.

समुपदेशक ताई, एक राहिलं. भाच्याच्या वर्गशिक्षिकांना आम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही. त्यांना ताईने एकटीने भेटावं, की दाजींनीही सोबत यावं? दाजी तयार आहेत. ताईला मात्र वाटतंय की दोघांना एकत्र शाळेत बघितलं तर तो नको ती आशा धरून बसेल.