मदत हवी आहे : मसाल्याच्या पाकिटावरील ‘हॉट’साठी स्पॅनिशमध्ये कोणता शब्द वापरावा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरकडच्या एका गृहउद्योगाचा कांदा-लसूण मसाला मेक्सिको आणि स्पेन येथील खरेदीदारांना नमुन्यादाखल पाठवायचा आहे आणि पाकिटावरचा इंग्रजी मजकूर स्पॅनिशमध्ये आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझे स्पॅनिश ए-टू पातळीपर्यंतचे आहे; व्याकरण बऱ्यापैकी येते, पण बोलण्याचा सराव नाही. बाकीचा मजकूर मार्गी लागला असून घोडे अडले आहे ते ‘हॉट’ या एकाच विशेषणापाशी.

हा शब्द पाकिटावर दोनदा येतो. मसाला दोन प्रकारचा आहे : एकात संकेश्वरी आणि लवंगी मिरची असते, तर दुसऱ्यात मुख्यतः रंगाला गडद आणि जिभेला सौम्य अशी ब्याडगी. त्यामुळे पहिल्याच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘हॉट’ आणि दुसऱ्याच्या ‘माइल्ड’ असे छापलेले आहे. मागच्या बाजूला कृती आहे आणि तिथे ‘हॉट’ तेलात मसाला घालण्याची सूचना आहे. संगणकाच्या भाषांतराने दोन्ही ठिकाणी ‘कालिएन्ते’ हाच शब्द दिला. मराठीत एकीकडे तिखट आणि दुसरीकडे गरम असा सरळ भेद असताना स्पॅनिशमध्ये तो नसेल, हे मनाला पटत नाही. (आपण स्वतः ‘गरम मसाला’ म्हणतो हे खरे, पण ती गरमी पाकिटाच्या तापमानाची नव्हे.)

शब्दकोशात ‘पिकान्ते’ आणि ‘पिकोसो’ असे दोन शब्द सापडले. त्यांतला कोणता कुठे चालतो, नामाच्या लिंगानुसार तो बदलतो का आणि ‘माइल्ड’साठी ‘दुल्से’ म्हणजे गोड हा शब्द योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पाकिटे लवकरच छपाईला जाणार आहेत.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. ‘कालिएन्ते’ हा शब्द तापमानापुरता आहे, त्यामुळे कृतीतल्या तेलासाठी तो अगदी बरोबर आहे, पण दर्शनी भागावर मात्र तो मुळीच छापू नये. त्यात आणखी एक मेख अशी की, ‘कालेन्तार’ म्हणजे तापवणे या क्रियापदाचे आदरार्थी आज्ञार्थी रूपही ‘कालिएन्ते’ असेच होते. म्हणजे पाकिटावर तेवढा एकच शब्द मोठ्या अक्षरांत दिसला, तर वाचणाऱ्याला ती ‘तापवा’ अशी सूचना वाटू शकते. माणसाबद्दल हे विशेषण वापरले, तर त्याला सहसा कामुकतेचा अर्थ येतो, म्हणून खरेदीदाराला पत्र लिहिताना ‘मला उकडते आहे’ असे म्हणायचे झाल्यास ‘तेंगो कालोर’ असे लिहावे.

तिखटासाठी ‘पिकान्ते’ हाच शब्द घ्या. तो ‘पिकार’ या क्रियापदावरून आला आहे. डास चावतो, अंगाला खाज सुटते आणि मिरची झोंबते, या तिन्हींसाठी स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद चालते, त्यामुळे आपल्या ‘झोंबणे’शी त्याचे चांगले जुळते. स्पेनच्या गालिसिया प्रदेशातल्या पाद्रोन गावच्या छोट्या हिरव्या मिरच्यांबद्दल तिथे एक प्रसिद्ध म्हण आहे : काही झोंबतात, काही झोंबत नाहीत. इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले आहेत, त्याला शरीराचाही थोडा आधार आहे. मिरचीतले झोंबणारे द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, ज्या ग्राहीला (चेतापेशींवरच्या संवेदकाला) चेतवते, तीच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही जागी होते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. तरीही स्पॅनिश भाषकाला हे दोन अर्थ वेगळेच वाटतात.

‘पिकोसो’ हा मेक्सिकोतला बोलीतला शब्द आहे आणि तो लिंगानुसार बदलतो : ‘कोन्दिमेन्तो’ म्हणजे मसाला पुल्लिंगी असल्याने त्याच्यापुढे ‘पिकोसो’, तर ‘मेस्क्ला’ म्हणजे मिश्रण स्त्रीलिंगी असल्याने ‘पिकोसा’. ‘पिकान्ते’ दोन्ही लिंगांत तसाच राहतो आणि दोन्ही देशांत समजतो, म्हणून एकच पाकीट छापायचे असेल तर तो सोयीचा. विशेषणाची जागा मात्र सांभाळा. ‘कोन्दिमेन्तो दे सेबोया इ आहो पिकान्ते’ असे लिहिले, तर फक्त लसूणच तिखट आहे असाही अर्थ निघतो. ‘कोन्दिमेन्तो पिकान्ते दे सेबोया इ आहो’ असे लिहिल्यास तिखटपणा सगळ्या मसाल्याला लागू होतो.

‘माइल्ड’साठी ‘दुल्से’ टाळावे. स्पेनमध्ये ला वेरा भागातली पिमेन्तोन ही मिरचीपूड ‘दुल्से’, ‘आग्रिदुल्से’ आणि ‘पिकान्ते’ अशा तीन प्रकारांत मिळते आणि तिथे ‘दुल्से’चा अर्थ तिखट नसलेली असाच होतो, पण ती रूढी मुख्यतः त्या पुडीशी निगडित आहे. आपल्या मसाल्यावर तोच शब्द पाहून लोक साखर शोधतील आणि शिवाय ब्याडगी अगदीच बिनतिखट नसते. ‘पिकान्ते सुआवे’ (सौम्य तिखट) किंवा ‘पोको पिकान्ते’ (कमी तिखट) असे लिहावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘तापवा’ हा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. दर्शनी भागावर ‘पिकान्ते’ आणि ‘पिकान्ते सुआवे’ हे शब्द घेतो आणि ‘कालिएन्ते’ फक्त तेलापाशी ठेवतो. घटकांच्या यादीत लाल मिरचीसाठी मी ‘चिले’ लिहिले आहे. स्पेनमधल्या ग्राहकांसाठी तिथे ‘गिन्दिया’ लिहावे लागेल का, की ‘चिले’ त्यांनाही चालेल?